एका हाताचा मेजर आणि नकाशातली कोरी जागा

जॉन वेस्ली पॉवेल हे नाव आपल्या सिलॅबसमध्ये कुठेच नाही. सर्व्हेइंगच्या पुस्तकात लेव्हलिंग आहे, काँटूरिंग आहे, रिझर्व्हॉयरची कपॅसिटी काढायचं ते हमखास येणारं गणितही आहे, पण ज्या माणसाने एका डोंगरी नदीचा अख्खा पट्टा कागदावर आणण्यासाठी जीव पणाला लावला त्याचा उल्लेख नाही. मला तो सापडला सेमिनारमुळे. विषय होता ग्लेन कॅन्यन धरण, अमेरिका. त्या धरणामागच्या तलावाचं नाव लेक पॉवेल. हा पॉवेल कोण, म्हणून शोधायला गेले आणि सेमिनार राहिला बाजूला. (मी कॉन्व्हेंटची. काँटूरला मराठीत समोच्च रेषा म्हणतात हे मला सेकंड इयरला कळलं. पण लॅबमध्ये सगळे काँटूरच म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते.)

पॉवेलचा जन्म २४ मार्च १८३४ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट मॉरिस गावचा. आईवडील इंग्लंडहून आलेले. वडील मेथॉडिस्ट धर्मोपदेशक आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक. पुढे कुटुंब ओहायोतल्या जॅक्सन गावी गेलं, तिथे वडिलांच्या मतांचा राग गावाने पोरावर काढला. शाळेत दगड खावे लागले, शेवटी शाळाच सुटली. मग जॉर्ज क्रुकम नावाच्या एका गावकऱ्याने त्याला शिकवलं. क्रुकम स्वतः स्वतःच शिकलेला. दगड, झाडं, किडे, जुनी हत्यारं, जे दिसेल ते गोळा करणारा माणूस. पॉवेलला निसर्ग वाचायचं वेड लागलं ते इथे. नंतर त्याने तीन कॉलेजं केली आणि डिग्री एकाही ठिकाणची घेतली नाही. (ए.टी.के.टी.वाल्यांनी हे वाक्य घरी दाखवू नये.) त्याऐवजी १८५६ साली मिसिसिपी, १८५७ साली ओहायो आणि १८५८ साली इलिनॉय अशा नद्या त्याने होडी वल्हवत पालथ्या घातल्या.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं आणि पॉवेल उत्तरेच्या सैन्यात साधा शिपाई म्हणून भरती झाला. नकाशे काढता येतात, तटबंदी आखता येते, म्हणून लवकरच अधिकारी झाला. त्याच नोव्हेंबरमध्ये नात्यातल्या एमा डीनशी लग्न केलं. आणि पाच महिन्यांत, ६ एप्रिल १८६२ ला शायलोच्या लढाईत, तोफा डागायचा इशारा द्यायला त्याने उजवा हात वर केला आणि गोळी हातात शिरली. हात कोपराखाली कापावा लागला. दुसऱ्या कुणी घरचा रस्ता धरला असता. हा बरा होऊन परत तोफखान्यात गेला, विक्सबर्गच्या वेढ्यात लढला आणि मेजर होऊन बाहेर पडला. उरलेलं आयुष्य लोक त्याला मेजरच म्हणत. तो तुटलेला हात मात्र शेवटपर्यंत दुखत राहिला.

युद्धानंतर इलिनॉयमध्ये जिऑलॉजीचा प्रोफेसर. वर्गात फार वेळ बसवेना, म्हणून १८६७ आणि १८६८ साली विद्यार्थ्यांना घेऊन रॉकी पर्वतात गेला. १८६८ च्या ऑगस्टमध्ये ४,३४६ मीटर उंचीच्या लाँग्ज पीकवर चढला. एका हाताने. तिथे त्याच्या डोक्यात कोलोरॅडो नदी शिरली.

त्या वेळच्या अमेरिकेच्या नकाशात ह्या नदीच्या मधल्या भागात एक मोठी कोरी जागा होती. नदी वर कुठून निघते ते माहीत, खाली कुठे बाहेर पडते ते माहीत. मधले शेकडो मैल ती खडकात खोल कापलेल्या दरीतून जाते आणि आत काय आहे हे कागदावर कुणीही उतरवलेलं नव्हतं. तिथे राहणाऱ्या पायूट आणि इतर लोकांना आपापला मुलूख पाठ होता, पण त्यांना विचारतंय कोण. गंमत म्हणजे आपल्याकडे ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे १८०२ सालीच सुरू झाला होता आणि एव्हरेस्टची उंची १८५० च्या दशकातच काढून झाली होती. नकाशाच्या बाबतीत आपण अमेरिकेच्या पुढे होतो, अर्थात तो नकाशा आपल्यासाठी काढला जात नव्हता हा भाग वेगळा.

२४ मे १८६९ ला वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर स्टेशनवरून दहा माणसं चार होड्या घेऊन निघाली. खंड ओलांडणारी रेल्वे पूर्ण होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते आणि होड्या शिकागोहून रेल्वेनेच आल्या होत्या. बरोबर दहा महिन्यांचं रेशन, सेक्स्टंट, क्रोनोमीटर, होकायंत्रं आणि पाऱ्याचे बॅरोमीटर. असल्या पाण्यात होडी घालायचा अनुभव एकालाही नाही. लाइफ जॅकेट एकच, ते पॉवेलचं. एक हात नसलेल्या माणसाने ते घालावं हे पटतं, पण बाकी नऊ जणांसाठी का नव्हतं हा प्रश्न मला पडतोच.

बॅरोमीटरबद्दल थोडं सांगते, कारण सगळी गंमत तिथे आहे. आपल्याला बेंचमार्क मिळतो, तिथून लेव्हल पुढे नेत जायची. तिथे बेंचमार्क नव्हताच. जसजसं वर चढावं तसा हवेचा दाब कमी होतो, साधारण हजार फुटांना पारा एक इंच उतरतो, त्यावरून उंची काढायची. नदीच्या प्रत्येक वळणावर होकायंत्राने दिशा घ्यायची, अंतर नजरेने ठरवायचं, आणि अधूनमधून सेक्स्टंटने अक्षांश काढून चूक सावरायची. कडा किती उंच आहे हे कळायला बॅरोमीटर घेऊन कड्यावर चढण्याशिवाय उपाय नव्हता. म्हणजे दिवसभर होडी ओढून झाली की मेजरसाहेब संध्याकाळी कडा चढायला निघणार.

९ जूनला लोडोर कॅन्यनमध्ये नो नेम नावाची होडी धबधब्यात सापडून फुटली. तिघे जण नदीतल्या एका बेटावर अडकले, त्यांना कसंबसं काढलं. खाण्याचा मोठा भाग गेला आणि सगळे बॅरोमीटर त्याच होडीत. पॉवेलला रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी होडीचा तुकडा खाली एका खडकाला अडकलेला दिसला, दोघे जण तिथवर पोचले आणि आनंदाने ओरडायला लागले. पॉवेलला वाटलं पोरांना बॅरोमीटरची किती काळजी. पोरांना सापडलं होतं व्हिस्कीचं पिंप, जे मेजरच्या नकळत होडीत चढवलं होतं. बॅरोमीटरही मिळाले, हे नशीब.

असाच एकदा कडा चढताना पॉवेल अशा जागी अडकला की वर जाता येईना, खाली येता येईना. एका हाताने खडक धरलेला, दुसरा हात नाही. वर पोचलेल्या जॉर्ज ब्रॅडलीकडे दोर नव्हता. त्याने अंगातली लांब आतली विजार काढून खाली सोडली. पॉवेलने खडक सोडला, तोल जायच्या आत विजार पकडली आणि ब्रॅडलीने त्याला ओढून घेतलं. हा प्रसंग पॉवेलच्या पुस्तकात एका ठिकाणी घडतो आणि ब्रॅडलीच्या डायरीत दुसऱ्याच ठिकाणी. हे लक्षात ठेवा, पुढे ह्यावर येणार आहे.

ऑगस्ट महिन्यात ते ग्रँड कॅन्यनमध्ये होते. एक जण आधीच, जुलैमध्ये, मोहीम सोडून गेला होता. डुकराचं खारवलेलं मांस नासून फेकून दिलेलं, पिठाला बुरशी, थोडी सुकी सफरचंदं आणि कॉफी. आपल्या मेसबद्दल मी ह्यापुढे काही बोलणार नाही. २७ ऑगस्टला समोर आलेला प्रपात बघून तिघांनी सांगितलं की आम्ही ह्यात होडी घालणार नाही. ते होते ओरामेल हाउलँड, त्याचा भाऊ सेनेका आणि विल्यम डन. २८ ला ते कडा चढून निघून गेले. ओरामेल हाउलँड हाच मोहिमेचा नकाशाकार होता. बाकीच्या सहा जणांनी एमा डीन ही होडी तिथेच सोडली आणि उरलेल्या दोन होड्या पाण्यात घातल्या. प्रपात पार झाला. दोनच दिवसांनी, ३० ऑगस्टला, व्हर्जिन नदीच्या संगमाजवळ त्यांना माणसं दिसली. एकूण ९९ दिवस.

ते तिघे परत आले नाहीत. वर पठारावर त्यांना मारण्यात आलं. शिविट्स पायूटांनी मारलं असं सांगितलं गेलं, काही अभ्यासक तिथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांकडे बोट दाखवतात. त्यांच्याबरोबरचे कागदही गेले. पॉवेल देशभर हिरो झाला, व्याख्यानं देत फिरला, पण ज्यासाठी हे सगळं केलं तो नकाशा अर्धवट होता.

म्हणून दुसरी मोहीम. २२ मे १८७१. माझ्या मते खरी सर्व्हेची कामगिरी ही, पण गोष्टीत मजा पहिलीत असल्याने हिला कुणी विचारत नाही. ह्या वेळी पॉवेलने एक खुर्ची होडीवर बांधून घेतली, तिच्यावर बसून तो पुढचं पाणी बघायचा. पण तो पुष्कळदा मोहिमेबाहेरच असायचा, पैसा उभा करायला आणि इतर कामांना. रोजचं काम ओढलं ते त्याच्या बहिणीच्या नवऱ्याने, आल्मन हॅरिस थॉम्पसनने. आणि बरोबर होता फ्रेडरिक डेलेनबॉ, निघताना सतरा वर्षांचा. आपल्या फर्स्ट इयरच्या पोरांपेक्षाही लहान!

त्या हिवाळ्यात युटामधल्या कनाब गावाजवळ तळ ठोकून त्यांनी बेसलाइन मोजली. मैलोन्‌मैल लांबीची सरळ रेषा, लाकडी दांडे टोकाला टोक लावत. ट्रायँग्युलेशनमध्ये लांबी ही एकदाच मोजायची असते, पण ती चुकली तर पुढचं सगळं चुकतं. ती एक बाजू पक्की झाली की मग थिओडोलाइट घेऊन शिखरावरून शिखरावर जायचं आणि फक्त कोन घ्यायचे, बाकी त्रिकोण गणिताने सुटत जातात. डोळ्याने अंदाज केलेल्या नदीला आता हाडं मिळाली. १८७२ साली थॉम्पसनची तुकडी एका अशा नदीपाशी पोचली जी कुठल्याच नकाशात नव्हती. तिला नाव दिलं एस्कलांटे. आजच्या सलग अमेरिकेतली नकाशावर आलेली ती शेवटची नदी मानतात. १८७२-७३ च्या हिवाळ्यात कनाबच्या तंबूत बसून डेलेनबॉने त्या मुलखाचा पहिला नकाशा काढायला घेतला. बोटं गारठलेली, कागद वाळूने भरलेला. आपल्या ड्रॉइंग हॉलचा पंखा बंद असला की आपण किती बोलतो!

आता पुस्तकाबद्दल. १८७५ साली पॉवेलने सरकारी अहवाल छापला. वाचायला तो एखाद्या कादंबरीसारखा आहे. पण त्यात त्याने दोन्ही मोहिमा एकत्र केल्या. दुसऱ्या मोहिमेतल्या गोष्टी १८६९ च्या तारखांखाली घातल्या आणि दुसऱ्या मोहिमेच्या माणसांची नावंच दिली नाहीत. थॉम्पसन नाही, डेलेनबॉ नाही. डेलेनबॉने शेवटी १९०८ साली स्वतःचं पुस्तक लिहून ती मोहीम जगापुढे आणली. पॉवेलवर मनापासून प्रेम करणारी माणसंसुद्धा इथे अडखळतात आणि मीही अडखळले. ग्रुपमधल्या चौघांनी फील्डबुक भरायचं आणि जर्नलवर एकाचंच नाव, हा प्रकार जुनाच आहे असं म्हणायचं.

पण हाच माणूस पुढे वॉशिंग्टनमध्ये जे लढला, त्यासाठी मी त्याला पुष्कळ माफ करायला तयार आहे. १८७८ साली त्याने पश्चिमेकडच्या कोरड्या प्रदेशांवर अहवाल दिला. सरकारचं धोरण असं होतं की कुणीही यावं, १६० एकर जमीन घ्यावी आणि शेती करावी. जमीन नांगरली की पाऊस आपोआप येतो असं तेव्हा पुष्कळ शहाणी माणसंही मानत. पॉवेलने दाखवलं की साधारण शंभराव्या रेखांशाच्या पश्चिमेला वर्षाला वीस इंचांहून कमी पाऊस पडतो, तिथे नुसत्या पावसावर शेती होणार नाही. पाणी दिलेली जमीन असेल तर ८० एकर पुष्कळ झाली, नुसतं चराऊ रान असेल तर २,५६० एकरही जास्त नाही. आणि सीमा पट्टीने सरळ आखू नका, पाणलोटाप्रमाणे आखा, म्हणजे एका खोऱ्यातली माणसं एका पाण्याचा विचार एकत्र करतील. १८९१ साली छापलेल्या त्याच्या एका नकाशात पश्चिम अमेरिका राज्यांऐवजी खोऱ्यांप्रमाणे रंगवली आहे. अमेरिकेच्या चौकोनी राज्यांची सवय असलेल्या डोळ्यांना तो मोराच्या पिसाऱ्यासारखा दिसतो.

१८८१ ते १८९४ पॉवेल यू.एस. जिऑलॉजिकल सर्व्हेचा प्रमुख होता. (त्याचबरोबर आदिवासी भाषांचा अभ्यास करणारी सरकारी संस्थाही चालवायचा. पायूटांनी त्याचं नाव कापुरात्स ठेवलं होतं, म्हणजे हात नसलेला.) संपूर्ण देशाचा टोपोग्राफिक नकाशा काढायचं काम त्याने सुरू केलं. तपकिरी काँटूर, निळं पाणी, काळे रस्ते आणि वस्त्या, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले. जिऑलॉजीच्या खात्याने नकाशे का काढायचे म्हणून काँग्रेसमध्ये ओरड झाली. त्याचं म्हणणं साधं होतं, जमीन कशी आहे ते कागदावर नसेल तर बाकी काय मांडणार कशावर?

१८८८ साली मोठा दुष्काळ पडल्यावर त्याला सिंचनाच्या सर्व्हेचं काम मिळालं. धरणं कुठे होतील, पाणी किती आहे, कुठली जमीन भिजेल. पॉवेलने क्रम लावला: आधी काँटूर, मग नदीचा प्रवाह मोजणं, मग धरण. प्रवाह कसा मोजायचा हे शिकलेली माणसंच नव्हती, म्हणून १८८८-८९ च्या हिवाळ्यात न्यू मेक्सिकोत रिओ ग्रांदेच्या काठी एंबुडोला तरुण इंजिनियरांचा कँपच लावला. त्या खात्याचं पहिलं गेजिंग स्टेशन ते. पण काम पूर्ण होईपर्यंत सरकारी जमीन कुणाला द्यायची नाही असा कायद्याचा अर्थ लागला आणि १८८९ पासून जमिनींची वाटणी थांबली. मग काय, पश्चिमेचे सिनेटर खवळले. त्यांना दोन वर्षांत धरणं हवी होती, ह्याला अनेक वर्षं मोजायचं होतं. त्याचाच इंजिनियर क्लॅरेन्स डटन ह्यानेही समितीपुढे नकाशांवरच्या खर्चाबद्दल शंका काढल्या. ऑगस्ट १८९० मध्ये पैसा तोडला. नकाशे चालू ठेवा म्हणाले, पाणी मोजू नका!

१८९३ च्या ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिसला सिंचन परिषद भरली. पॉवेलने तयार भाषण बाजूला ठेवून सांगितलं की आहे त्या सगळ्या जमिनीला पुरेल एवढं पाणी ह्या प्रदेशात नाही, आणि तुम्ही पाण्यावरून होणाऱ्या भांडणांचा ढीग रचताय. ज्यांच्यासाठी आयुष्य घातलं त्यांनी हुर्यो उडवली. पुढच्या वर्षी त्याने पद सोडलं. २३ सप्टेंबर १९०२ ला मेन राज्यात वारला, आर्लिंग्टनला पुरला. त्याआधी तीनच महिने सरकारी पैशाने धरणं बांधायचा कायदा पास झाला होता.

पुढची गोष्ट आपल्याला थोडीफार माहीत असते. १९२१ ते १९२३ मध्ये त्याच खात्याच्या तुकड्या धरणाच्या जागा शोधायला होड्या घेऊन कोलोरॅडोत उतरल्या आणि काठाचे काँटूर घेत गेल्या. त्याच सुमारास, १९२२ साली, सात राज्यांनी नदीचं पाणी वाटून घेतलं. वरच्यांना ७५ लाख एकर-फूट, खालच्यांना ७५ लाख. हिशोबाला जी मोजलेली वर्षं धरली ती नेमकी भरपूर पावसाची निघाली. थोड्या वर्षांच्या रीडिंगवर डिझाइन! हूवर धरण १९३६ साली पूर्ण झालं, आणि मोहीम जिथे संपली तो व्हर्जिनचा संगम लेक मीडच्या खाली गेला. मग वर आणखी एक धरण हवं होतं. आधी जागा ठरली एको पार्क, पॉवेलनेच नाव दिलेली. निसर्गप्रेमींनी मोठं आंदोलन केलं, ते धरण १९५६ साली रद्द झालं आणि त्याऐवजी ग्लेन कॅन्यन बुडवायचं ठरलं. हेही नाव पॉवेलचंच. तिथे फार कुणी गेलेलंच नव्हतं, म्हणून फार कुणी बोललं नाही.

ग्लेन कॅन्यन धरण २१६ मीटर उंच. १३ मार्च १९६३ ला पाणी अडवायला सुरुवात झाली, तलाव भरायला १९८० साल उजाडलं. बांधताना काढलेली कपॅसिटी २ कोटी ७० लाख एकर-फूट, म्हणजे आपल्या कोयनेच्या अकरापट. ती काढायची रीत आपल्या पुस्तकातलीच: प्रत्येक काँटूरच्या आतलं क्षेत्रफळ घ्या, सरासरी करा, काँटूर इंटरव्हलने गुणा. इथे पूर्ण भरल्याची रेषा होती ३,७०० फुटांची. २०२३ च्या सुरुवातीला पाणी तिच्याखाली १७५ फुटांहून जास्त उतरलं, तलाव भरल्यापासूनची सर्वात कमी पातळी.

जुने टोपोग्राफिक नकाशे आता स्कॅन करून ठेवलेले आहेत, आणि मी ते शेजारी शेजारी ठेवून बघितले. धरणानंतरच्या शीटवर ३,७०० च्या आत सपाट निळा रंग आहे. आधीच्या शीटवर तपकिरी रेषा एकमेकींना चिकटत खाली नदीपर्यंत जातात. ह्या जुन्या रेषा नुसत्या आठवणीपुरत्या नाहीत. २०१७-१८ मध्ये तलावाचा तळ पुन्हा मोजला आणि धरणाआधीच्या मोजणीशी ताडून बघितला, तेव्हा कळलं की १९६३ पासून सुमारे ७ टक्के जागा गाळाने खाल्ली.

त्या निळ्याच्या खाली म्युझिक टेंपल नावाची एक घळ आहे. १८६९ साली पॉवेलच्या लोकांनी तिथे मुक्काम केला होता. आवाज फार छान घुमतो म्हणून ते नाव. तिथल्या खडकावर हाउलँड बंधू आणि डन ह्यांनी आपापली नावं कोरली होती, आणि नंतर तिथे गेलेल्या डेलेनबॉने ती वाचली होती.